‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलेला संगणक: तापण्याच्या एका तक्रारीचा माग

पार्श्वभूमी

ही मे २०२५ मधली, चंद्रपुरातल्या एका घरातली गोष्ट आहे. घरच्यांनी लिहायला होकार दिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मी दुरुस्त करायला गेलो तो संगणक ज्यांचा आहे त्यांना इथे ताई म्हणतो. ताई घरी बसून चार-पाच दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहितात, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरतात आणि परीक्षा जवळ आल्या की शाळांच्या प्रश्नपत्रिकांचं मराठी टायपिंग घेतात. महिन्याची ११ आणि २० तारीख त्यांच्यासाठी कशी असते, हे ज्यांनी जीएसटीआर-१ आणि ३बी भरले आहेत त्यांना सांगायला नको. त्या दिवशी संगणक बसला तर दुकानदाराला विलंब शुल्क लागतं आणि ताईंचं गिऱ्हाईक तुटतं.

यंत्र साधंच. २०१५ साली जोडून घेतलेलं. चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, त्यावर त्याच्यासोबत डब्यात येतो तोच अॅल्युमिनियमचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा ठोकळा) आणि पंखा, आठ जीबी रॅम, एक हार्ड डिस्क, नंतर बसवलेली एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

यंत्रापेक्षा त्याची जागा जास्त महत्त्वाची ठरली, म्हणून ती नीट सांगतो. लाकडी संगणक-टेबल होतं आणि त्यात उजवीकडे कॅबिनेट ठेवायचा कप्पा. कप्प्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या, मागेही फळी, आणि मागच्या फळीला वायरी जाण्यापुरतं मुठीएवढं भोक. कॅबिनेटला खेटून, त्याच कप्प्यात, यूपीएस. कॅबिनेटवर सासूबाईंनी हौसेने शिवलेलं कशिद्याचं कव्हर, ते समोरून अर्धं वर सरकवायचं आणि बटण दाबायचं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. खोलीच्या खिडकीत कूलर.

आणि हे सगळं चंद्रपुरात. इथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. भोवती कोळशाच्या खाणी, गावाला लागून औष्णिक वीज केंद्र. आमच्याकडची धूळ काळसर आणि फार बारीक असते. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की कळतं. त्यात फोडणीची वाफ मिसळली की ती धूळ नुसती बसत नाही, चिकटते.

तक्रार

ताईंचं पहिलं सांगणं मी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं: “भाऊ, दुपारी आधी हळू होऊन जाते. मग पंखा ओरडून राहते. मग बंदच पडते. कधी पडद्यावर नो सिग्नल येते, कधी तर काहीच नसते, सगळं काळं.”

या बोलण्याचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ते लिहिलं आणि पुढे गेलो.

त्रास मार्चच्या अखेरीला सुरू झाला होता. एप्रिलमध्ये दिवसातून एकदा, मेमध्ये तीन-चार वेळा. मधल्या काळात संगणक एका दुकानात दोन दिवस ठेवून झाला होता. तिथून निदान आलं ते असं: मदरबोर्ड गेला, प्रोसेसर आणि एसएमपीएसही (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) सोबत बदलून घ्या, सगळे मिळून साडेतेरा हजार. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे रोज दहा यंत्रं येतात, थांबून-थांबून होणारा बिघाड शोधायला त्याला वेळ नसतो, आणि तीन सुटे भाग एकदम बदलले की बहुतेक तक्रारी जातातच. तोटा एवढाच की कुठला भाग खरंच खराब होता हे कोणालाच कधी कळत नाही, आणि पैसे मात्र तिन्हींचे जातात.

मी गेलो तो दिवस शनिवार, १० मे. दुसऱ्या दिवशी ११ तारीख.

हात लावण्याआधी

आधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर उतरवला, दोन ठिकाणी. बंद पडणाऱ्या यंत्राला मुद्दाम ताण द्यायचा असेल तर हे आधी झालंच पाहिजे.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे यंत्रात काय-काय घडलं याची नोंदवही, उघडली. त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदींची रांग होती. ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस बदलायला निघतात, कारण तिच्या नावातच पॉवर आहे. पण ती नोंद फक्त इतकंच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता गेलं. वीज गेली, एसएमपीएसने मान टाकली, प्रोसेसर तापून बंद झाला किंवा कोणी प्लग उपटला, तरी नोंद तीच पडते. वेळा मात्र तिच्यावरून कळतात. त्या उतरवून घेतल्या. दुपारी एक ते पाच या वेळेत जास्त नोंदी होत्या, पण संध्याकाळी सात ते नऊ या वेळेतही बऱ्याच होत्या. दुपारचं गणित उन्हाशी जुळलं, म्हणून मी तिथेच समाधान मानलं.

मोजमाप

एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम घातला. प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचं तापमान, त्याचा वेग, पंख्याचे फेरे आणि डिस्कचं तापमान तो दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहीत राहतो. यंत्र अचानक बंद पडलं तरी शेवटची ओळ हाती राहते. त्याचबरोबर एक साधा डिजिटल थर्मामीटर खोलीत टांगला. घराघरांतल्या दुरुस्तीत हाच भाग सर्रास गाळला जातो. हीटसिंक पंख्याच्या जोरावर चालतो, आणि पंखा खोलीतलीच हवा फेकतो. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान खोलीपेक्षा खाली येऊच शकत नाही. खोली ३८ अंशांवर असताना ८० दिसणं आणि २२ अंशांवर असताना ८० दिसणं या दोन वेगळ्या बातम्या आहेत. थंड देशातल्या माणसाने लिहिलेला ‘इतके अंश म्हणजे धोका’ हा आकडा विदर्भात मेमध्ये तसाच लावला तर चांगलं यंत्र भंगारात जाईल.

पहिलं मोजमाप संगणक जसा वापरात होता तसाच ठेवून केलं: कप्प्यात, कव्हर घालून. खोली ३८ अंश. कप्प्यातली हवा ५१. नुसता सुरू ठेवलेला प्रोसेसर ७१. हार्ड डिस्क ५४. मग सेव्हन-झिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची चाचणी लावून प्रोसेसरच्या चारही कोअरवर भार टाकला. तापमान हळूहळू चढत तीन मिनिटांत १०० झालं. या प्रोसेसरची मर्यादाच १०० आहे. तिथे पोचला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, आणि ते डोळ्यांसमोर झालं: ३.२ गिगाहर्ट्झवरून दोनच्या आसपास. ताईंचं “हळू होऊन जाते” ते हेच. अकराव्या मिनिटाला कॅबिनेट बंद झालं. मॉनिटर सुरू होता, त्यावर नो सिग्नल.

दुसरं मोजमाप कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून, बाजूचा पत्रा उघडून. सुरू ठेवलेला ६४, भाराखाली चार मिनिटांत ९७.

इथे पहिला फाटा फुटला. पत्रा उघडल्यावर तापमान २०-२५ अंशांनी पडलं असतं तर कॅबिनेटमधली हवा कोंडते, एवढाच निष्कर्ष निघाला असता आणि एक जादा पंखा पुरला असता. फरक पडला तो भाराखाली अवघा तीन अंशांचा. म्हणजे कप्पा दोषी होताच, पण मुख्य अडचण हीटसिंकपाशी होती.

तापमान कसं चढतं हेही पाहावं. भार टाकताच दोन-पाच सेकंदांत ते थेट ९५ला उडी मारत असेल, तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंकमध्ये शिरतच नाही. दोघांच्या मधली उष्णता पोचवणारी पेस्ट वाळलेली किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. मिनिटा-मिनिटाने चढत असेल, तर उष्णता हीटसिंकमध्ये शिरते पण तिथून बाहेर जात नाही. हीटसिंकच्या पात्या तुंबल्या किंवा हवा गरम. इथे चढ सावकाश होता.

पर्याय

ताई, त्यांचे यजमान आणि मी, तिघं बसलो. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पाहा बाबू, जेवढं लागते तेवढंच सांगा.”

दुकानाने सांगितलेले तीन भाग बदलणं मला सगळ्यांत वाईट वाटलं. या प्रोसेसरला बसणारे मदरबोर्ड मोठ्या कंपन्या आता काढत नाहीत. मिळेल तो कोणाच्या तरी यंत्रातून काढलेला किंवा अनोळखी छापाचा. आणि मुळात मदरबोर्डवर संशय घ्यावा असं मोजमापात काहीच नव्हतं. बिघडलेल्या मदरबोर्डचं यंत्र बहुतेकदा थंड असतानाही त्रास देतं. हे थंड असताना मुकाट चालत होतं.

नवा संगणक घेणं हा वेडा विचार नव्हता. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. जीएसटीचं काम करणाऱ्या माणसाने हे गंभीरपणे घ्यायलाच हवं. पण तीस-पस्तीस हजारांचा खर्च मे महिन्यात, घाबरून, तारखेच्या आदल्या दिवशी करायचा की दिवाळीच्या सुमारास, पाहून-सवरून करायचा, हा ताईंचा प्रश्न होता. त्यांनी दिवाळी म्हटलं. मग साडेतेरा हजारांचा पर्याय आपोआप बाद झाला, कारण सहा महिन्यांत निवृत्त होणाऱ्या यंत्रावर तेवढे घालणं म्हणजे पडक्या घराला रंग देणं.

उरली सफाई. तीही दोन टप्प्यांत करायची ठरली. हीटसिंक न काढता जेवढी होईल तेवढी आज. हीटसिंक उपटून नवी पेस्ट लावण्यात काहीतरी बिनसण्याची शक्यता असते, आणि उद्या ११ तारीख. त्यामुळे ते काम तारीख गेल्यावर. या प्रकरणात माझे जे थोडे निर्णय आजही पूर्ण बरोबर वाटतात त्यांतला हा एक.

पहिली सफाई

कॅबिनेट अंगणात नेलं. वरून पाहिलं तर पंखा फिरताना दिसत होता आणि पात्यांवर थोडी धूळ होती, एवढंच. दुकानातही असंच पाहिलं असणार. पण टॉर्च आडवा धरून पंखा आणि हीटसिंक यांच्या फटीत पाहिलं, तर अॅल्युमिनियम दिसतच नव्हतं. तिथे करड्या रंगाचा एक थर बसला होता. पंख्याच्या पात्यांमधून चिमटा घालून मी त्याचं टोक ओढलं आणि तो अखंड निघून आला, चपटा, गोल, भाकरीएवढा नाही पण पुरीएवढा, जुन्या गोधडीच्या तुकड्यासारखा दाट. बोटांत चुरला तर तेलकट लागला. पंखा दहा वर्षं इमानाने फिरत होता, पण त्याची हवा या गोधडीवर आपटून परत येत होती.

बाकीचं काम नेहमीचं. मऊ ब्रश, ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवणं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. एसएमपीएसच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारली. तो उघडला नाही. त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले असू शकतात आणि घरच्या अंगणात ते धाडस करण्याचं कारण नाही.

पत्रा लावून, कप्प्याबाहेर, पुन्हा मोजलं. खोली ३८. सुरू ठेवलेला ४९, भाराखाली ८४, आणि वेग पूर्ण ३.२. कॅबिनेट टेबलाशेजारी एका पाटावर ठेवलं. यूपीएस जड म्हणून कप्प्यातच राहिला. कशिद्याचं कव्हर काढताना सासूबाईंचा चेहरा उतरला. रात्री यंत्र बंद करून थंड झाल्यावर घाला, सकाळी सुरू करण्याआधी पूर्ण काढा, असं सांगितलं. ते त्यांना पटलं. ११ तारखेचं काम बिनघोर झालं.

पेस्ट, आणि माझी चूक

१३ तारखेला परत गेलो. खरं तर ८४ हा आकडा त्या खोलीत चालण्यासारखा होता. प्रोसेसर मर्यादेपासून १६ अंश दूर, वेग पूर्ण. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, आणि आज विचारलं तर थांबा असंच सांगेन. पण दहा वर्षांची पेस्ट होती, मे अजून अर्धा बाकी होता, आणि ताईंना कामाची खात्री हवी होती.

यंत्र दहा मिनिटं चालवून पेस्ट थोडी मऊ होऊ दिली, बंद केलं, प्लग काढला. या हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना असतात. सोडवायला प्रत्येकीला तिच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फिरकी द्यायची आणि वर ओढायची. हीटसिंक सुटला. पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठं पुसली, मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, हीटसिंक बसवला, पिना दाबल्या. तीनदा टक् आवाज आला. चौथ्या वेळी कूलरचा आवाज मोठा होता, मला वाटलं ऐकू आला नसेल.

सुरू केलं. नुसता ५९. भार टाकला तर दहा सेकंदांत ९८.

ताईंचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. चालतं यंत्र मी बिघडवलं होतं. ताबडतोब बंद केलं. त्या क्षणी दुसऱ्या कंपनीची, महागडी पेस्ट आणायला निघणं सोपं होतं. पण तापमानाची चाल आता बदलली होती: सावकाश चढ नाही, थेट उडी. म्हणजे स्पर्शच नीट नाही. टॉर्च आडवा धरला तर हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला. चौथ्या पिनला सोडवताना दिलेली पाव फिरकी मी परत फिरवलीच नव्हती. अशी पिन दाबली की आत जाते, बसल्यासारखी वाटते, पण अडकत नाही.

हीटसिंक पुन्हा काढला, आत्ताच लावलेली पेस्ट पूर्ण पुसली (एकदा दबलेली पेस्ट तशीच ठेवून परत दाबली की हवेचे बुडबुडे राहतात), चारही पिना मूळ जागी फिरवल्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबल्या आणि कूलर बंद करून चारही आवाज ऐकले. खोली ३९, नुसता ४७, भाराखाली ७८. खोलीतला एक अंशाचा फरक धरला तर नव्या पेस्टने मिळवले सातच अंश. चिमट्याने ओढलेल्या त्या गोधडीने पेस्टच्या जवळपास दुप्पट दिले होते, आणि तिला एक पैसा लागला नव्हता.

तरीही बंद

१५ तारखेला संध्याकाळी पावणेआठला ताईंचा फोन. “भाऊ, पडला पुन्हा.”

माझा पहिला विचार एसएमपीएसचाच होता. तापलेल्या कप्प्यात दहा वर्षं काढली आहेत, थकला असेल. नवा साधारण २,२०० रुपयांना, आणि ताईंचे यजमान गाडीची किल्ली घेऊन उभेच होते. मी त्यांना थांबवलं ते केवळ एका कारणाने: एचडब्ल्यूइन्फोची फाइल अजून बघितली नव्हती. ताईंनी ती उघडून वाचून दाखवली. शेवटची ओळ ५६ अंश. मग हे तापणं नव्हतंच.

दुकानात जायच्या ऐवजी आम्ही वही घातली. २० तारखेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, फक्त बंद पडलं की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, फाइलमधलं शेवटचं तापमान, त्या क्षणी घरात काय सुरू झालं, आणि मॉनिटरचा दिवा लागलेला आहे की नाही. टॅलीचा डेटा रोज दोनदा पेन ड्राइव्हवर.

१९ तारखेपर्यंत पाच नोंदी जमल्या. ताईंचं अक्षर सुरेख आहे. पाचही वेळा तापमान साठच्या आत. पाचही वेळा मॉनिटरचा दिवा विझलेला. तीन नोंदींपुढे “कूलर लावला”, एकीपुढे “फ्रीज सुरू झाला वाटते”, एकीपुढे “लाइट झपकली”.

तेव्हा मला ते पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. कधी नो सिग्नल येते, कधी तर काहीच नसते, सगळं काळं. ताईंनी दोन वेगळे बिघाड पहिल्याच भेटीत वेगळे करून सांगितले होते. कॅबिनेट स्वतः बंद झालं, मग ते तापून असो की एसएमपीएसमुळे, तर मॉनिटरला वीज मिळतच असते आणि तो नो सिग्नल दाखवतो. दोघांचाही दिवा एकदम जातो तेव्हा दोष दोघांच्या आधी, म्हणजे यूपीएसमध्ये किंवा भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाच्या पिनेत असतो. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या संध्याकाळी सात ते नऊच्या नोंदीही याच होत्या.

२१ला यूपीएस कप्प्यातून बाहेर काढला. संगणकाऐवजी त्याला ६० वॅटचा बल्ब जोडला आणि भिंतीतला प्लग उपटला. चार सेकंदांत बल्ब गेला. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली होती, इतकी की पत्र्यातून निघता निघेना. कूलरची मोटर सुरू होताना त्याच बोर्डावरचं व्होल्टेज क्षणभर पडायचं, यूपीएस इमानाने बॅटरीवर जायचा, आणि बॅटरीत काही नसायचंच.

ती बॅटरी २०२१ची होती. अशा शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांसाठी धरलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते ढोबळमानाने निम्मं होतं. कप्प्यात मी ५१ मोजले होते. म्हणजे तापण्याचीच तक्रार होती, फक्त कप्प्याने प्रोसेसर आणि बॅटरी या दोघांना वेगवेगळ्या वाटेने गाठलं होतं. दोन्ही त्रास उन्हाळ्याबरोबर वाढले, म्हणून सगळ्यांना, मलाही, एकच वाटले.

निष्पत्ती

नवी बॅटरी १,००० रुपये, पेस्ट २५०, अल्कोहोल १५०. माझी मजुरी वेगळी, पण पिन चुकली त्या भेटीची घेतली नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस जागच्या जागी आहेत. टेबलाच्या कप्प्याची मागची फळी ताईंच्या यजमानांनी काढून टाकली आणि तिथे आता फक्त कागदांचे गठ्ठे असतात. यूपीएस भिंतीशी, मोकळ्यावर. कूलरची पिन दुसऱ्या बोर्डावर.

जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत ताईंनी वही सुरू ठेवली. २१ मेनंतर तीत नोंद नाही.

पुन्हा असं आलं तर

मॉनिटरचा दिवा मी पहिल्या फोनवरच विचारेन. त्याला काही हत्यार लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तो प्रश्न विचारला असता तर १० तारखेलाच यूपीएसकडे नजर गेली असती. ताईंचे आणखी पाच-सहा दिवस धास्तीत गेले नसते.

बंद पडण्याच्या वेळांपैकी आपल्या तर्काला जुळतात तेवढ्याच उचलण्याची चूक मी केली. दुपारच्या नोंदींनी मला इतकं पटवलं की संध्याकाळच्या नोंदी समोर असून दिसल्या नाहीत. आता मी न जुळणाऱ्या नोंदींवर आधी खूण करतो.

पेस्टचं काय करायचं याबद्दल माझं मत पूर्ण पक्कं झालेलं नाही. हीटसिंक काढल्याशिवाय खालचे कोपरे साफ होत नाहीत हे खरं आहे. पण मोजून मर्यादेच्या आत असलेलं, पूर्ण वेगाने चालणारं यंत्र, आणि त्यावर कोणाची तरी मिळकत, अशा वेळी मी पुढच्या थंडीपर्यंत थांबेन. दोन टप्प्यांमध्ये मोजमाप होतं म्हणून पिनची चूक दहा सेकंदांत सापडली. सफाई, पेस्ट आणि बॅटरी एकाच दिवशी केली असती, तर ९८ अंश कशामुळे आले हे शोधताना मीही कदाचित मदरबोर्डावरच येऊन पोचलो असतो.

घरी स्वतः करून पाहणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: टॉर्च वरून मारू नका. आडवा धरा, पंख्याखालच्या फटीत.